संकल्पामागील हेतू

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, तेव्हा सती जाण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. श्वशुर मल्हाररावांनी विनविले आणि त्या थांबल्या. त्या थांबण्यातच पुढील सारे कार्य सामावले होते, असे आम्हांस वाटते. १७६६ मध्ये मल्हारराव व १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. तरीही महेश्वरी राहून १७९५ पर्यंत त्यांनी प्रजेचे पालन केले. काशीविश्वेश्वराचे मंदिर, घाट, धर्मशाळा, विहिरी उभारल्या. आम्हीही नित्य नवे संकल्प करतो. परंतु ते कोणासाठी, हे देवापुढे क्षणभर थांबून स्वतःस विचारतो काय?