आरिस्तीद ब्रुआं

आरिस्तीद ब्रुआं (जन्म : कुर्तने, फ्रान्स, ६ मे १८५१, मृत्यू : पॅरिस, ११ फेब्रुवारी १९२५) हे फ्रेंच गीतकार, गायक, विनोदी सादरकर्ते आणि कॅबरेचालक होते. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील 'ल मिर्लितों' या त्यांच्या लहानशा कॅबरेमुळे ते प्रसिद्धीस आले. शहराच्या वेशीवरील वस्त्यांमधील भुरटे चोर, वेश्या, भिकारी आणि बेघर यांचे जीवन त्यांनी त्याच लोकांच्या बोलीत गाण्यांतून मांडले. ग्राहकांची उघड टर उडवणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा अविभाज्य भाग होता. चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक यांनी काढलेल्या भित्तिपत्रकांमुळे काळी टोपी आणि लाल गळपट्टा घातलेली त्यांची आकृती जगभर ओळखली जाते.

मराठीत 'कॅबरे' हा शब्द प्रामुख्याने नृत्याच्या एका प्रकाराशी जोडला गेला आहे. फ्रेंच भाषेत त्याचा मूळ अर्थ मद्यगृह असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोंमार्त्रमध्ये कवी, गायक आणि विनोदकार अशा मद्यगृहांत मोजक्या श्रोत्यांसमोर आपली रचना सादर करू लागले आणि त्या शब्दाला नवा अर्थ मिळाला. या लेखात तो शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

प्रारंभिक जीवन

ब्रुआं यांचा जन्म ल्वारे प्रांतातील कुर्तने या गावी झाला. त्यांचे पूर्ण नाव लुई आर्मां आरिस्तीद. घराणे मध्यमवर्गीय होते, परंतु वडिलांच्या काळात त्याची आर्थिक घसरण झाली. सांस येथील शाळेत त्यांना लॅटिनसह चांगले शिक्षण मिळाले. मात्र पैशाअभावी ते अर्धवट सोडावे लागले आणि किशोरवयातच ते पोटासाठी पॅरिसमध्ये आले. तेथे त्यांनी प्रथम वकिलाच्या कचेरीत आणि नंतर जवाहिऱ्याकडे उमेदवारी केली. सावकारांपासून तोंड लपवत घरे बदलणाऱ्या कुटुंबासह ते कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये राहिले. या वस्त्यांतील बोलीचे आणि माणसांचे त्यांना जवळून दर्शन घडले ते याच काळात.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले, तेव्हा ते अनियमित सैनिकांच्या तुकडीत सामील झाले. युद्धानंतर त्यांनी उत्तर रेल्वे कंपनीत काही वर्षे कारकुनी केली. दिवसा कचेरी आणि सायंकाळी गाणी असा त्यांचा क्रम होता. स्वतः रचलेली गाणी ते लहान मद्यगृहांतून म्हणू लागले आणि पुढे 'काफे-काँसेर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या गायनगृहांत त्यांना काम मिळू लागले. त्या काळी ते झुळझुळीत पोशाख आणि उंच टोपी घालून छानछोकी तरुणाची भूमिका वठवीत व हलकीफुलकी गाणी म्हणत. लष्करी सेवेच्या काळात आपल्या ११३ व्या पलटणीवर त्यांनी रचलेले संचलनगीत विशेष लोकप्रिय झाले.

ल शा न्वार

नोव्हेंबर १८८१ मध्ये रोदोल्फ सालिस यांनी रोशशुआर रस्त्यावर ८४ क्रमांकाच्या जागेत 'ल शा न्वार' (काळे मांजर) हे कॅबरे उघडले. जागा म्हणजे जुन्या टपालकचेरीच्या दोन लहान खोल्या होत्या. सेन नदीपलीकडील विद्यार्थी वस्तीत 'इद्रोपात' या नावाचे एक साहित्यमंडळ एमिल गुदो यांनी चालवले होते. त्यातील कवी आणि गायक या नव्या ठिकाणी जमू लागले. काफे-काँसेरमध्ये रंगमंच, वाद्यवृंद आणि शेकडो प्रेक्षक असत आणि गाण्याचे शब्द सरकारी परीक्षकांकडून आधी संमत करून घ्यावे लागत. शा न्वारमध्ये एक पियानो, काही मेजे आणि ज्याने लिहिले तोच सादर करणारा कवी, एवढ्यावर कार्यक्रम होत असे.

ब्रुआं येथे गाऊ लागले आणि त्यांच्या लेखनाला नवे वळण मिळाले. छानछोकी पोशाख आणि हलकी गाणी त्यांनी मागे टाकली व लहानपणी पाहिलेल्या वस्त्यांना गाण्याचा विषय केले. कॅबरेच्या नावावर आणि मोंमार्त्रवर त्यांनी रचलेले पोवाडावजा गीत तेथील ओळखगीत ठरले.

ल मिर्लितों

१८८५ मध्ये सालिस यांनी आपले कॅबरे जवळच्याच एका मोठ्या इमारतीत हलवले. रिकामी झालेली जुनी जागा ब्रुआं यांनी घेतली आणि तेथे 'ल मिर्लितों' सुरू केले. मिर्लितों म्हणजे जत्रेत मिळणारी पिपाणी; फ्रेंचमध्ये सुमार, जोडाजोड पद्यालाही याच शब्दाने हिणवतात. स्वतःच्या कलेला आधीच हलके ठरवणारे हे नाव मालकाच्या वृत्तीशी सुसंगत होते.

आरंभी ग्राहक अत्यल्प होते. वैतागलेल्या ब्रुआंनी एके रात्री आलेल्या काही उच्चभ्रू ग्राहकांना शिव्या हासडल्या. ते चिडण्याऐवजी खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तपशील काहीही असो, ग्राहकाचा पाणउतारा करणे हेच पुढे मिर्लितोंचे वैशिष्ट्य ठरले.

कार्यक्रमाची रीत ठरलेली होती. दार बंद असे. दार वाजवल्यावर आतून पाहून माणसास आत घेतले जाई. नवागताचे स्वागत ब्रुआं त्याच्या चेहऱ्यावर किंवा कपड्यांवर शेरा मारून करीत आणि आधीच बसलेले सारे ग्राहक त्याची टिंगल करणारे ध्रुवपद एका सुरात म्हणत. बाहेर पडणाऱ्यालाही अशाच सामूहिक गाण्याने निरोप मिळे. सालिस यांची विसरून राहिलेली राजा तेराव्या लुईच्या काळातील धाटणीची एक खुर्ची ब्रुआंनी टांगून ठेवली होती आणि तिच्यावरही एक गाणे रचले होते. उंच रंगमंच नव्हता. ब्रुआं मेजांमधून येरझाऱ्या घालत, मध्येच बाकावर किंवा मेजावर चढत आणि पुढच्या गाण्याचे नाव जाहीर करून ते एकसुरी, खणखणीत आवाजात म्हणत. दोन गाण्यांच्या मध्ये बिअर मागवण्याचा आग्रह होई आणि तिचा दर आसपासच्या मद्यगृहांपेक्षा चढा असे.

या रीतीचा परिणाम जागेच्या लहानपणावर अवलंबून होता. श्रोता अंधारात लपू शकत नसे. आत पाऊल टाकताच तो कार्यक्रमाचा भाग होई. आत्ता ज्याची फजिती झाली तोच पुढच्या क्षणी इतरांसोबत दुसऱ्याच्या फजितीचे ध्रुवपद म्हणू लागे. हसण्याने सैल झालेल्या या श्रोत्यांना ब्रुआं मग गिलोटिनखाली जाणाऱ्या तरुणाचे किंवा इस्पितळात व तुरुंगात खितपत पडलेल्या मुलीचे गाणे ऐकवीत. हशा आणि शांतता यांची ही अदलाबदल हेच त्यांच्या सादरीकरणाचे मर्म मानले जाते.

त्यांचा पोशाखही याच काळात निश्चित झाला : काळ्या मखमली कापडाचा कोट व विजार, लाल सदरा, गुडघ्यापर्यंतचे बूट, रुंद काठाची काळी टोपी, लाल गळपट्टा आणि हाती काठी.

गाणी

ब्रुआं यांच्या अनेक गाण्यांची शीर्षके पॅरिसमधील स्थळांवरून घेतलेली आहेत. 'आ बातिन्योल', 'आ ला व्हिलेत', 'आ मोंपार्नास', 'आ ग्रनेल' या गाण्यांत प्रत्येकी एका वस्तीतील एखाद्या व्यक्तीचा जीवनक्रम येतो आणि त्या वस्तीचे नाव कडव्याच्या शेवटी पुन्हापुन्हा उच्चारले जाते. चाली साध्या आणि चटकन पाठ होणाऱ्या आहेत. कथन बहुधा निर्विकार असते आणि शेवट अनेकदा मृत्यूने होतो.

'आ सें-लाझार' हे गाणे स्त्रियांच्या तुरुंगातून एका वेश्येने आपल्या दलालाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. स्वतः बंदिस्त असताना तिला त्याच्या खर्चाची काळजी वाटते. 'आ ला रोकेत'मध्ये मृत्युदंडाची वाट पाहणारा कैदी बोलतो. 'रोझ ब्लांश' हे गाणे 'र्यू सें-व्हेंसां' या नावानेही ओळखले जाते. त्यात मोंमार्त्रच्या टेकडीवरील एका अनाथ मुलीचा प्रियकराच्या हातून झालेला शेवट सांगितला आहे. 'निनी पो द्-श्यें' हे त्यांचे आणखी एक गाजलेले गीत आहे. समकालीन गायिका इव्हेत गिल्बेर यांनीही त्यांची गाणी गायली.

या गाण्यांची भाषा 'आर्गो', म्हणजे पॅरिसच्या खालच्या स्तरातील गुप्त बोली आहे. शब्दांची मोडतोड, गिळलेले स्वर आणि चोरांचे सांकेतिक शब्द यांमुळे खुद्द फ्रेंच वाचकालाही ती नेहमी सहज कळत नाही.

चित्रकारांशी संबंध

१८८५ पासून ब्रुआं कॅबरेच्याच नावाचे एक नियतकालिक काढू लागले. त्यात गाण्यांचे शब्द छापले जात. त्याची अनेक चित्रे स्विस वंशाचे चित्रकार तेओफिल स्तेनलेन यांनी काढली. मोंमार्त्रमध्येच राहणारे तुलूझ-लोत्रेक मिर्लितोंमध्ये नियमित येत. त्यांची चित्रे तेथील भिंतींवर लावली जात आणि ब्रुआंच्या गाण्यांवरून त्यांनी काही चित्रांना नावेही दिली.

१८९२ मध्ये 'आंबासादर' या प्रतिष्ठित काफे-काँसेरने ब्रुआंना निमंत्रित केले. त्यासाठी लोत्रेक यांनी शिळाछाप पद्धतीचे मोठे भित्तिपत्रक तयार केले. सपाट रंग आणि जाड बाह्यरेषा असलेले हे चित्र तेथील व्यवस्थापकाला पसंत पडले नाही. ते लावल्याशिवाय आपण गाणार नाही, अशी अट ब्रुआंनी घातल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी 'एल्दोरादो' या गायनगृहासाठी आणि १८९३ मध्ये स्वतःच्या कॅबरेसाठी अशी आणखी भित्तिपत्रके लोत्रेक यांनी केली. आधुनिक जाहिरातकलेच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

लेखन

ब्रुआंच्या गीतांचा 'दां ला र्यू' (रस्त्यावर) हा संग्रह स्तेनलेन यांच्या चित्रांसह १८८९ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९१ मध्ये कवी फ्रांस्वा कोपे यांच्या शिफारशीने त्यांना फ्रान्सच्या लेखकसंघाचे सदस्यत्व मिळाले. १९०१ मध्ये त्यांच्या नावे आर्गो बोलीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध झाला. प्रमाण फ्रेंच शब्दाला आर्गोतील प्रतिशब्द देणे ही त्याची रचना होती. या कामाचा बराच भार गीतकार लेओं द बेर्सी यांनी उचलला होता. याखेरीज ब्रुआंनी पॅरिसच्या अधोजगावर आधारित दीर्घ क्रमशः कादंबऱ्या आणि नाटकेही लिहिली.

समृद्धी आणि राजकारण

मिर्लितोंने ब्रुआंना धनवान केले. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कॅबरेचे दैनंदिन काम सोडले आणि जन्मगाव कुर्तने येथे जमीनदाराप्रमाणे राहू लागले. १८९८ मध्ये त्यांनी पॅरिसच्या बेलव्हिल या कामगारवस्तीतून लोकप्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली. समाजवाद आणि राष्ट्रवाद यांचे मिश्रण असलेली भूमिका त्यांनी मांडली आणि प्रचारात गाण्यांचा वापर केला. परंतु त्यांना अवघी ५२५ मते मिळाली. ज्यांच्या जीवनावर त्यांची गाणी होती त्या वस्तीने त्यांना गायक म्हणून स्वीकारले, प्रतिनिधी म्हणून नाही.

लापां अजील

विसाव्या शतकाच्या आरंभी मोंमार्त्रच्या टेकडीवरील 'लापां अजील' हे जुने मद्यगृह पाडले जाण्याची शक्यता निर्माण झाली. ब्रुआंनी ते विकत घेऊन वाचवले आणि त्याचा कारभार फ्रेदेरिक जेरार ऊर्फ फ्रेदे यांच्याकडे सोपवला. फ्रेदे गिटारवर गाणी म्हणत. पाब्लो पिकासो, मोरिस उत्रियो, माक्स जाकोब, गियोम आपोलिनेर हे तेथे येत. पिकासो यांच्या १९०५ मधील एका चित्राचा विषय हेच ठिकाण आहे. १९२२ मध्ये ब्रुआंनी ते फ्रेदे यांचे पुत्र पोलो यांना विकले. लहान खोलीत गाणी आणि कविता ऐकवण्याची परंपरा तेथे आजही चालू आहे.

अखेरची वर्षे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रुआंनी आपल्या आवाजात अनेक गाणी ध्वनिमुद्रित केली. या ध्वनिमुद्रिकांमुळे त्यांच्या गायनशैलीचा अभ्यास करता येतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रेंच सैन्यात अधिकारी असलेला त्यांचा मुलगा मारला गेला. १९२४ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पॅरिसच्या 'आंपीर' नाट्यगृहात पुन्हा कार्यक्रम केला. जुन्याच पोशाखात आणि जुन्याच गाण्यांसह आलेल्या ब्रुआंना प्रेक्षकांनी उत्तम प्रतिसाद दिला. पुढील वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. कुर्तनेजवळील सुब्लिन्यी येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन आणि वारसा

ब्रुआंच्या कार्याविषयी प्रारंभापासून दोन मते आहेत. त्यांनी गरिबांचे दुःख श्रीमंतांच्या करमणुकीसाठी विकले, असा एक आक्षेप आहे. मिर्लितोंतील बिअरचा दर वस्तीतील मजुराला परवडणारा नव्हता आणि शिव्या खाण्यासाठी येणारा वर्ग सुखवस्तू होता, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. अपमानाचा खेळ संपला की दोन्ही पक्ष समाधानाने घरी जात आणि वस्त्यांच्या स्थितीत काहीच फरक पडत नसे. याउलट, ज्या माणसांना तोवरच्या लोकप्रिय गाण्यांत केवळ हास्यास्पद किंवा भीतिदायक स्थान होते, त्यांना ब्रुआंनी नाव, पत्ता आणि स्वतःचा आवाज दिला, असे त्यांचे समर्थक मानतात. गाण्यांत उपदेश नाही आणि दयेचे प्रदर्शनही नाही. ही अलिप्तताच त्यांचे बळ असल्याचे मत अभ्यासकांत आढळते.

फ्रेंच 'वास्तववादी गीत' या प्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत ब्रुआंची गणना होते. इव्ह मोंतां यांच्यासह नंतरच्या पिढीतील अनेक गायकांनी त्यांची गाणी गायली. मोंमार्त्रच्या कॅबरेंपासून स्फूर्ती घेऊन १८९७ मध्ये बार्सिलोना येथे आणि १९०१ मध्ये बर्लिन व म्युनिक येथे अशीच ठिकाणे उभी राहिली. पॅरिसमध्ये मोंमार्त्र भागातील एका रस्त्याला ब्रुआं यांचे नाव देण्यात आले आहे.