फुलांतील शिल्प दाखविणारा शिक्षक

फुलाचे छायाचित्र म्हटले की सर्वप्रथम आठवतात ते रंग. कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन कलाशिक्षकाने मात्र केवळ काळ्या-पांढऱ्या छटांतून फुलांचे आणि कोंबांचे जे रूप जगापुढे ठेवले, त्याने वनस्पतींकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. विशेष म्हणजे स्वतःला छायाचित्रकार म्हणून मिरविण्याची त्यांना कधीच ओढ नव्हती.

१३ जून १८६५ रोजी हार्झ पर्वतराजीतील शिएलो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी लोखंडी कलावस्तू ओतणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली. पुढे बर्लिनमध्ये कलाशिक्षण घेतल्यानंतर, १८९० च्या दशकात मोरित्स मोयरर या कलाशिक्षकाचे सहायक म्हणून ते इटलीत गेले. नक्षीकामासाठी निसर्गातील आकारांचा अभ्यास करावा, असा मोयरर यांचा आग्रह होता. त्यासाठी वनस्पती गोळा करताना आणि त्यांचे साचे घडविताना कॅमेरा ब्लॉसफेल्ट यांच्या हाती आला. १८९८ पासून १९३० पर्यंत ते बर्लिनच्या उपयोजित कलांच्या शाळेत शिकवीत राहिले.

कोवळा कोंब हाती धरून सबंध वर्गाला दाखविता येत नाही. कोमेजण्यापूर्वी त्याचे रूप टिपून ते मोठे करून दाखवावे, हा त्यांचा साधा हेतू होता. लांब भात्याचा कॅमेरा त्यांनी स्वतःच तयार केला. पण वस्तू जितकी मोठी टिपावी, तितका काचेच्या पट्टीवर पोहोचणारा प्रकाश क्षीण होतो. प्रतिमा वस्तूच्याच आकाराची घ्यायची तर चौपट प्रकाश लागतो, आणि याहून मोठी घ्यायची तर त्याहूनही अधिक. सूक्ष्म तपशील स्पष्ट यावेत म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवले की ही अडचण आणखी वाढते.

मॅग्नेशियमची झगमगती भुकटी जर्मनीत १८८७ मध्येच प्रचारात आली होती. क्षणार्धात लख्ख उजेड देणारी ही युक्ती म्हणजे आजच्या फ्लॅशची पूर्वज. पण समोरून पडलेला असा प्रखर झोत पाकळीवरील चढउतार पुसून टाकतो, फूल सपाट दिसू लागते. ब्लॉसफेल्ट यांनी खिडकीतून येणाऱ्या सौम्य, विखुरलेल्या उजेडाची वाट धरली. मागे पांढरा वा करडा पुठ्ठा, समोर निवडून, नीटनेटकी कापून घेतलेली फांदी आणि कित्येक मिनिटांचा संयम, एवढेच त्यांचे साहित्य होते. त्या उजेडात भोपळ्याचे ताणे लोखंडी जाळीच्या वळणांसारखे दिसले, तर नेच्याचे गुंडाळलेले कोंब धर्मगुरूच्या दंडासारखे.

तीन दशके ही छायाचित्रे वर्गातच राहिली. १९२६ मध्ये बर्लिनचे कलाव्यापारी कार्ल निएरेनडोर्फ यांनी त्यांचे प्रदर्शन भरविले आणि १९२८ मध्ये ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे कलेचे आदिरूप, हा संग्रह प्रसिद्ध झाला. विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी त्याची आवर्जून दखल घेतली. त्रेसष्टाव्या वर्षी अकस्मात लाभलेली ही कीर्ती त्यांना फार काळ अनुभवता आली नाही. १९३२ मध्ये दुसरा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

आज फ्लॅशमुळे वाऱ्यावर डुलणारे फूलही क्षणात स्थिर टिपता येते. तरीही जाणकार छायाचित्रकार त्या झोतापुढे पांढरा पडदा धरतात, तो बाजूने वळवितात, भिंतीवरून परतवितात. ब्लॉसफेल्ट यांना जे खिडकीपाशी मिनिटामिनिटाने मिळवावे लागे, तेच मृदू छायांचे उतार त्यांना हवे असतात. साधने बदलली, तरी फुलाचा आकार उकलून दाखविते ती सावलीच.