तुकोबारायांची आतली पूजा

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळ भिजवीत देहूस पोहोचते. त्या देहूत पेठेची महाजनकी असलेल्या सधन वाणी घराण्यात श्री तुकाराम महाराजांचा जन्म झाला. शके १५३० (इ. स. १६०८) हे त्यांचे जन्मवर्ष सामान्यतः मानले जाते. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरी श्रीविठ्ठलाची सेवा होती. वडील बोल्होबा व माता कनकाई निवर्तली, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले, आणि कोवळ्या वयात प्रपंचाचा भार तुकोबांवर पडला.

इ. स. १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ आला. व्यापार बुडाला, पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतूही गेला. अशा वेळी माणूस देवावर रुसतो. तुकोबांचे लक्ष मात्र पडझड झालेल्या आपल्या देवळाकडे गेले. हाती द्रव्य नव्हते. तेव्हा स्वतः माती कालवून त्यांनी ते सावरले, असे चरित्रकार सांगतात.

देऊळ उभे राहिले, पण घरात लोकांच्या कर्जखतांचे दप्तर शिल्लक होते. ते येणे हक्काचे होते. वसूल झाले असते तर मोडलेला संसार पुन्हा सावरला असता. मनाची सारी आशा त्या कागदांत गुंतलेली. धाकटे बंधू कान्होबा यांना प्रपंच चालवायचा होता, म्हणून अर्धी खते त्यांच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. भावाच्या हिश्श्यावर त्यांनी पुण्य जोडले नाही, हे विशेष. गंध, फूल, धूप यांनी देवळात पूजा होते. मनात धरून ठेवलेले देवाच्या पायी सोडणे ही आतली पूजा, ती नदीकाठी झाली. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. पण दारी आलेले नाकारण्याहून आपले येणे सोडणे कठीण, आणि दुष्काळातून उठलेल्या माणसाला तर फारच.

पुढे ते नदीपलीकडे मावळातील भंडारा डोंगरावर चिंतनात बसत. त्यांचे अभंग लिहून घेणारे संताजी जगनाडे महाराज यांची समाधी याच तालुक्यात सुदुंबऱ्यास आहे.

तुकोबांची इच्छा सुटली, घरची भूक सुटली नाही. दुसऱ्या पत्नी जिजाई पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. लोकांनी त्यांना कजाग ठरविले, ते न्यायाचे नव्हे. तुकोबांनी आपण होऊन सोडले. जिजाईंचे न विचारता सुटले, आणि लेकरांची पोटे त्यांनाच भरावी लागली. तरीही धन्याला उपाशी ठेवून त्या जेवत नसत. भाकरी बांधून उन्हातान्हात डोंगर चढत.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस (इ. स. १६५०) तुकोबांचे वैकुंठगमन झाले. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. धाकटे पुत्र नारायणबाबा त्यानंतर जन्मले.