भाऊ दाजींचे औषध

पेडणे महालातून बालपणी मुंबईस गेलेले कै. डॉ. भाऊ दाजी लाड हे १८४५ साली उघडलेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. प्राच्यविद्यापंडित म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला. आम्हांस मात्र त्यांचे मोठेपण महारोग्यांच्या शुश्रूषेत दिसते. ज्यांस घरचेही शिवत नसत, अशांवर त्यांनी कडू कवठाच्या बियांचे तेल योजून पाहिले. अनेकांस उतार पडला. परंतु औषधाचे घटक त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले, तेव्हा समव्यवसायींनी टीका केली. भाऊ आमचे, तरी ती टीका रास्तच होती. इतरांस पडताळा पाहताच येईना. ३१ मे १८७४ रोजी ते निवर्तले. पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत देशोदेशीच्या महारोग्यांची भिस्त याच जातीच्या तेलांवर होती.