पिनोकिओचा जनक

१८८१ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. इटलीची राजधानी रोम येथून त्या काळी लहान मुलांसाठी एक साप्ताहिक निघत असे. देशातील मुले त्याची मोठ्या उत्कंठेने वाट पाहत. कारण त्यात एका लाकडी बाहुल्याची कथा क्रमशः प्रसिद्ध होत होती. परंतु त्या महिन्यातील एका अंकाने त्यांच्या मनाला मोठा धक्का दिला. दोन लुटारूंनी बाहुल्याला पकडून एका विशाल ओक वृक्षाला फाशी दिले होते. बाहुल्याचे डोळे मिटले, त्याचे अंग ताठ झाले आणि लेखकाने कथा तेथेच समाप्त केली. मुलांना हा शेवट मुळीच मानवला नाही. साप्ताहिकाच्या कचेरीकडे पत्रे येऊ लागली. सर्वांची मागणी एकच होती : बाहुल्याला पुन्हा जिवंत करा!

त्या बाहुल्याचे नाव पिनोकिओ आणि त्याच्या जनकाचे नाव कार्लो कोलोदी.

कार्लोचे खरे आडनाव लोरेंझिनी. त्याचा जन्म २४ नोव्हेंबर १८२६ रोजी फ्लॉरेन्स नगरात झाला. फ्लॉरेन्स हे टस्कनी प्रांतातील नगर चित्रकला, शिल्पकला आणि साहित्य यांसाठी जगभर विख्यात आहे. पण कार्लोच्या घरी वैभवाचा लवलेश नव्हता. त्याचे वडील एका सरदाराच्या वाड्यात आचारी होते आणि आई तेथेच शिवणकाम करी. त्यांना दहा मुले झाली. कार्लो हा त्यांतील थोरला. दुर्दैवाने त्याची बहुतेक भावंडे लहानपणीच दगावली. घरात पाळणा हलावा आणि काही काळाने तो रिकामा व्हावा, असे दुःख त्या बालकाने वारंवार पाहिले.

कार्लोची आई कोलोदी नावाच्या गावची. डोंगराच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले हे लहानसे गाव. बालपणीचा काही काळ कार्लोने आपल्या या आजोळी घालविला. पुढे लेखक झाल्यावर त्याने टोपणनाव म्हणून याच गावाचे नाव घेतले. आज जग त्याला लोरेंझिनी या आडनावाने फारसे ओळखत नाही. ते ओळखते कोलोदी या नावाने.

वडिलांच्या धन्याने या हुशार मुलाच्या शिक्षणास साहाय्य केले. कार्लोने धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्याला एका धर्मपीठाच्या विद्यालयात धाडण्यात आले. परंतु त्याचा पिंड धर्मोपदेशकाचा नव्हता. काही वर्षांनी तो फ्लॉरेन्सला परतला, तेथे त्याने पुढील शिक्षण घेतले आणि मग एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात नोकरी धरली. पुस्तकांच्या सहवासात त्याच्या बुद्धीला धार आली आणि तो लेख लिहू लागला.

तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. इटली हा तेव्हा एक देश नव्हता. लहानमोठ्या राज्यांत त्याचे तुकडे झाले होते आणि उत्तरेकडील संपन्न मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. १८४८ साली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पेटताच एकवीस वर्षांचा कार्लो स्वयंसेवक म्हणून रणांगणावर गेला. त्याच वर्षी परत आल्यावर त्याने एक विनोदी वृत्तपत्र सुरू केले. त्याचे नाव ‘इल लाम्पिओने’, म्हणजे रस्त्यावरचा दिवा. अंधारात चाचपडणाऱ्यांना वाट दाखवावी, हा त्या नावामागील हेतू. पण सत्ताधाऱ्यांना हा दिवा सहन झाला नाही. १८४९ साली तो विझविण्यात आला.

कार्लो निराश झाला नाही. नाटके, संगीत, प्रवास अशा नाना विषयांवर त्याची लेखणी चालूच राहिली. १८५९ साली ऑस्ट्रियाशी पुन्हा युद्ध जुंपले, तेव्हा तेहतिसाव्या वर्षाकडे झुकलेला हा लेखक दुसऱ्यांदा सैन्यात दाखल झाला. या वेळी घोडदळात. पुढच्याच वर्षी, अकरा वर्षांच्या खंडानंतर, त्याने आपला विझलेला दिवा पुन्हा पेटविला. ‘इल लाम्पिओने’ नव्याने निघू लागले. १८६१ साली इटलीचे राज्य स्थापन झाले आणि कार्लोच्या पिढीचे स्वप्न बव्हंशी साकार झाले.

देश उभा राहिला खरा. पण त्या देशातील दर चार माणसांपैकी सुमारे तिघांना लिहितावाचता येत नव्हते. तलवारीने मिळविलेले राज्य अक्षरांवाचून टिकणार कसे, हा प्रश्न विचारवंतांपुढे उभा राहिला. गावोगावी शाळा निघू लागल्या आणि मुलांसाठी पुस्तकांची गरज भासू लागली. कार्लो त्या वेळी फ्लॉरेन्समध्ये सरकारी नोकरी करीत होता. फ्लॉरेन्सच्या एका प्रकाशकाने त्याच्याकडून फ्रेंच परीकथांचा इटालियन अनुवाद करून घेतला. तो १८७५ साली प्रसिद्ध झाला. मग १८७७ साली ‘जानेत्तिनो’ हे शालेय वाचनाचे पुस्तक त्याने लिहिले. त्यातील नायक शहाणा, आज्ञाधारक मुलगा नव्हता. तो होता आळशी आणि खोडकर. उपदेशाचे कोरडे डोस पाजण्याऐवजी कार्लोने हसतखेळत शिकविण्याचा मार्ग धरला. शाळांतून या पुस्तकाचे उत्तम स्वागत झाले.

कार्लो स्वतः काही आदर्श पुरुष नव्हता. त्याला जुगाराचा नाद होता आणि पैशाची चणचण त्याच्या पाचवीलाच पुजलेली होती. १८८१ साली तो नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा त्याचे वय पंचावन्नच्या घरात होते. त्याच सुमारास रोममध्ये मुलांचे नवे साप्ताहिक निघाले आणि त्याच्याकडे लेखनाची मागणी आली. त्याने एका कथेचा प्रारंभ लिहून पाठविला. सोबतच्या पत्रात त्याने कळविले, की हा पोरखेळ आहे, त्याचे हवे ते करावे. मात्र छापणार असाल तर मोबदला चांगला द्यावा, म्हणजे पुढे लिहिण्याची इच्छा होईल. ७ जुलै १८८१ च्या पहिल्याच अंकात तो ‘पोरखेळ’ छापून आला.

या कथेचा नायक अगदी निराळाच होता. जेपेत्तो नावाचा एक दरिद्री म्हातारा लाकडाच्या ओंडक्यातून बाहुला कोरतो. बाहुला पुरता घडतो न घडतो तोच म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा टोप हिसकावतो, आणि पाय फुटताच घराबाहेर धूम ठोकतो. त्याची बुद्धी चपळ आहे आणि जीभ त्याहूनही चपळ. पण दोन्हींचा उपयोग तो काम चुकविण्यासाठीच करतो. हिताच्या चार गोष्टी सांगणाऱ्या रातकिड्याला तो लाकडी हातोडा फेकून मारतो. ऐन थंडीत जेपेत्तो अंगावरचा एकुलता एक कोट विकून त्याच्यासाठी अंकलिपी आणतो. शाळेच्या वाटेवर बाहुल्यांच्या खेळाचे वाद्य कानी पडताच हा पठ्ठ्या ती अंकलिपी चार नाण्यांना विकून खेळ पाहावयास जातो! पुढे कपटी कोल्हा आणि मांजर त्याला सोन्याची नाणी पेरून श्रीमंत होण्याची भूल घालतात. त्या मोहापायीच तो त्या ओक वृक्षाच्या फांदीला लटकतो.

कार्लोने कथा येथेच संपविली होती. वाईट चालीच्या पोराचा शेवट वाईटच होतो, हे तात्पर्य त्यातून सहज निघत होते. जुन्या वळणाच्या वडीलधाऱ्यांना ते पटलेही असते. पण मुलांना ते पटले नाही. पिनोकिओ खोटारडा, आळशी आणि कृतघ्न आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्याच्यात त्यांना आपलेच रूप दिसत होते. चूक करणाऱ्याला सुधारण्याची संधीच मिळू नये, हा न्याय त्यांच्या मनाला टोचला. संपादकांनी मुलांचा आग्रह लेखकापर्यंत पोहोचविला आणि कार्लोने तो मानला. फेब्रुवारी १८८२ मध्ये कथा पुन्हा सुरू झाली. निळ्या केसांच्या परीने ससाण्याकरवी बाहुल्याला खाली उतरविले आणि त्याचे प्राण वाचविले.

ही दुसरी संधी नुसत्या पिनोकिओलाच नव्हे, तर त्या कथेलाही मिळाली. खोटे बोलताच पिनोकिओचे नाक लांब होते, हे आज साऱ्या जगाला माहीत आहे. पण तो प्रसंग फाशीनंतरचा आहे. मुलांनी हट्ट धरला नसता, तर खोटे उघडे पाडणारे ते नाक कोणालाच दिसले नसते.

जीवदान मिळाले म्हणून पिनोकिओ एका दिवसात शहाणा झाला नाही. तो पुन्हा फसला, पुन्हा पळाला. अभ्यास नसलेल्या खेळांच्या देशात जाऊन गाढवही झाला. अखेरीस एका प्रचंड समुद्री माशाच्या पोटात त्याची आणि जेपेत्तोची भेट झाली आणि त्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन समुद्र पार केला. आजारी जेपेत्तोला पेलाभर दूध मिळावे म्हणून तो रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढू लागला. रात्री टोपल्या विणू लागला. ज्याने अंकलिपी विकली होती, त्यानेच थोड्या पैशांत एक जुने, पहिले पान हरवलेले पुस्तक विकत घेतले. काडीची लेखणी केली, फळांच्या रसाची शाई केली आणि तो लिहावयास शिकला. तेव्हा कोठे त्या लाकडाचा खराखुरा मुलगा झाला.

जानेवारी १८८३ मध्ये कथा पूर्ण झाली आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये ‘पिनोकिओची साहसे’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. २६ ऑक्टोबर १८९० रोजी कार्लोला आकस्मिक मृत्यू आला. आपल्या बाहुल्याची जगभरची दिग्विजययात्रा त्याला पाहता आली नाही. पुढे जगातील शेकडो भाषांत त्या पुस्तकाचे अनुवाद झाले. १९४० साली अमेरिकेत त्यावर चित्रपट निघाला. आणि १९५६ साली कोलोदी गावात पिनोकिओच्या नावाने एक उद्यान उभारण्यात आले.

कार्लोने दोन युद्धांत भाग घेतला, वृत्तपत्रे चालविली, शाळेची पुस्तके लिहिली. परंतु त्याचे नाव अमर केले ते, त्याने स्वतः पोरखेळ म्हणून हिणविलेल्या कथेने. ती कथा पुरी झाली, कारण एका मोठ्या माणसाने लहान मुलांचे म्हणणे ऐकले. चुकलेल्या मुलाला आणखी एक वाट मोकळी ठेवावी, एवढेच ते म्हणणे होते. आणि त्या वाटेवरून स्वतःच्या पायांनी चालणे मात्र पिनोकिओलाच भाग होते.