कर्मवीरांच्या गावाला सायकलवरून

कर्मवीर भाऊराव पाटलांची पुण्यतिथी ९ मेला येते. त्या वेळी आपल्या शाळेला सुट्टी असते, म्हणून फळ्यावर त्यांचं नाव लिहायचं राहून जातं. यंदा त्या दिवशी मी एकट्यानंच सायकल काढली आणि कोल्हापुराहून त्यांच्या जन्मगावी, कुंभोजला निघालो.

शिरोलीचा पूल ओलांडेपर्यंत वारा गार होता. हातकणंगले मागं पडलं आणि ऊन लई तापलं. दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली काळी रानं, डोक्याएवढी ढेकळं, मध्येच खोडव्याचा हिरवा पट्टा. सावलीला झाड नाही. सायकलचं हँडल हाताला चटके देत होतं. ती ढेकळं बघून मला भाऊराव आठवले, कारण तरुणपणी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचे. (हेच लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी बेळगावात सायकली विकत, हे तुम्हांला ठाऊक आहे का?) लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं तेव्हा पुष्कळ शेतकरी मानायचे. त्यांना पटवायचं म्हणजे गावोगाव, बांधाबांधानं फिरणं आलं. या फिरतीतच भाऊरावांनी अंगठा उठवणारी खेडी जवळून पाहिली.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिकायला आले, जैन बोर्डिंगात राहिले. अभ्यासात काही चमकले नाहीत. मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत. १९०८ साली दलित मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचं, असा हुकूम झाला. त्यांनी आंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटलं. तिथले अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे.

पुढं १९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्रज बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संशय आला लठ्ठ्यांवर. भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून दडपण आलं. जुना राग काढायला याहून सोपी वेळ कुठली? पण भाऊरावांनी तुरुंग पत्करला, खोटं बोलले नाहीत. कुंभोजची वेस दिसेपर्यंत माझ्या डोक्यात हाच विचार होता. मला तर त्यांच्या चरित्रात ही गोष्ट संस्थेहूनही मोठी वाटते.

संस्था तुम्हांला माहीतच आहे. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची, आपली कामं आपणच करायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

त्या पोरांच्या आई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. पण या पोरांना त्यांनी पोटच्यासारखं सांभाळलं. अंगावरचं सोनं एकेक करून बोर्डिंगच्या खर्चात गेलं. एकदा धान्य संपलं, भाऊराव बाहेरगावी. गळ्यात फक्त मंगळसूत्र उरलं होतं. बाईंनी ते काढून दिलं आणि त्या दिवशी चूल पेटली.

लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. भाऊरावांनी त्यानंतर २९ वर्षं काम केलं. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात ते वारले.