सोन्याचा रंग कोणता? : मायकेल फॅरडे

आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणची जुनी पैठणी पाहिलीय ना? तिच्या जरीवर खरं सोनं असे. मुलांना सोन्याचा रंग विचारा, सगळी पिवळा म्हणतील. मायकेल फॅरडे यांनी मात्र लाल सोनं बनवलं होतं.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम. १४व्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात लागले. तिथे सात वर्षं काढली, बांधायला आलेली पुस्तकं वाचली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं स्वतः बांधून त्यांना पाठवली आणि पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. १८३१ चा विजेचा शोध पाठ्यपुस्तकात आहेच, तो इथे सोडतो.

१८५६ साली, स्मरणशक्ती दगा देत असताना, चौसष्ट वर्षांच्या फॅरडेंनी सोन्याचा वर्ख हाती घेतला. पुस्तकावर सोनेरी अक्षरं उठवायला बाइंडर वापरत, तसाच! काचेवर पसरला तर वरून पिवळा, पण आरपार पाहिलं तर हिरवा. मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखं लाल पाणी मिळवलं. ते स्वच्छ दिसे, पण झोत सोडला की उजेडाची वाट उमटे. म्हणजे आत सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत होते. मीठ टाकताच रंग निळसर होई. (वर्गात फॉस्फरस नको बरं का! पाण्यात दुधाचा एक थेंब आणि टॉर्च पुरे.)

असं का होतं, हे त्यांना उलगडलं नाही. त्यांचं गणित कच्चं होतं. ते गणित १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी मांडलं. प्रकाश पडला की कणातले इलेक्ट्रॉन झोक्यासारखे एकत्र डोलतात आणि हिरवा प्रकाश शोषतात; उरतो तो लाल.

आज शास्त्रज्ञ अशा कणांना सेंद्रिय रंगद्रव्याचे रेणू जोडतात. रेणूने घेतलेली प्रकाशाची ऊर्जा शेजारच्या सोन्याकडे जाते आणि रेणूची चमक विझते. काही रचनांत ऊर्जा उलटी, कणाकडून रेणूकडे येते. दोघांत अंतर असतं फक्त काही नॅनोमीटरचं. ते वाढलं की रेणू पुन्हा चमकतो. याच खुणेवर काही तपासण्या बेतलेल्या आहेत.

फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी वारले. त्यांच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्यात. पाणी अजून लालच आहे.